मूळ कारण : ऑपरेटर

इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढली असं सांगितलं की सोलापुरातले लोक मला दोनच गोष्टी विचारतात. आमचा मिक्सर बघता का, आणि बायकांना तिथं काय काम असतं. मिक्सर मी बघत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज नीट देते. एरवी ते देताना माझा आवाज चढतो म्हणून घरचे मधेच विषय बदलतात.

तुमच्या मोबाईलच्या, रिमोटच्या, विजेच्या मीटरच्या पोटात एक हिरवी पाटी असते. तिला आम्ही बोर्ड म्हणतो. तिच्यावर बारीक बारीक भाग बसवलेले असतात. मोठा असला तर नखाएवढा, लहान असला तर खसखशीच्या दाण्याएवढा. पूर्वी या भागांना तारेचे पाय असायचे. ते बोर्डाच्या भोकातून ओवायचे आणि खालून वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचा. आता पाय गेले, भोकं गेली. भाग सरळ बोर्डाच्या पाठीवर बसतात. त्यासाठी आधी बोर्डावर भोकं पाडलेला पातळ पत्रा ठेवून त्यावरून राखाडी पेस्ट ओढायची, दारात छाप्याची रांगोळी काढतात तशी. मग मशीन रिळावरचा एकेक भाग चोचीत उचलून त्या पेस्टवर ठेवतं, इतक्या वेगानं की नवीन माणूस पहिल्या दिवशी नुसता उभा राहून बघत बसतो. मग बोर्ड पट्ट्यावरून ओव्हनमध्ये जातो, पेस्ट वितळते, बाहेर येऊन थिजते, आणि भाग पक्के होतात. ओव्हनच्या तोंडाशी भिंगाखाली डोळे लावून बसलेली असते एक बाई. तिनं बघायचं की प्रत्येक भाग जागेवर आहे का, सरळ आहे का, डाग नीट बसलाय का. बघून झालं की बोर्डाच्या कडेला स्वतःच्या नंबरचा बारीक शिक्का मारायचा. बायकांना तिथं हे काम असतं.

मी त्या लाइनची इन्चार्ज होते. आयटीआय करून पुण्यात बरीच वर्षं काढली, मग इथल्या एमआयडीसीत एका कंपनीनं ही लाइन टाकली तेव्हा आईवडिलांपाशी परत आले. कंपनीचं नाव लिहीत नाही. मॅनेजरचंही लिहीत नाही, कारण स्वतःचं नाव छापलेलं बघायला त्यांना फार आवडतं आणि ते सुख मला त्यांना द्यायचं नाही. त्यांना मी साहेब म्हणेन. तिथं सगळे तेच म्हणायचे.

साहेब कसे होते ते एका फ्रिजवरून सांगते. ती राखाडी पेस्ट फ्रिजमध्येच ठेवावी लागते. वापरायच्या आधी काही तास बाहेर काढून, तिचा गारठा पूर्ण गेल्यावरच डबा उघडायचा, नाहीतर ती बिघडते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे किती जपावं लागतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. आमच्या त्या फ्रिजमध्ये साहेबांचं ताक असायचं. पाहुणे आले की लस्सीचे ग्लास असायचे. दिवसभर दार उघडं-बंद. मी दारावर सूचना लावली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर लस्सीच्या दुकानाचा फोन नंबर लिहिलेला होता. मी तक्रार केली तर साहेब म्हणाले, "सुरेखाताई, तुम्ही फार पुण्यासारखं वागता." त्यावर सगळे हसले. मीही हसले. आता वाटतं, तिथंच हसायला नको होतं.

आता पद्माबद्दल.

पद्मा भवानी पेठेतली. माहेर-सासर दोन्हीकडं माग. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सासरच्यांचे माग बंद पडले तेव्हा ती कॉन्ट्रॅक्टरमार्फत आमच्याकडं आली. मी पंचवीस वर्षांत अनेक बायकांचे डोळे बघितले, पण तिच्यासारखी नजर दुसरी बघितली नाही. साडीच्या अंगावरचा एक चुकलेला धागा लांबून ओळखायची सवय होती तिला. एकदा तिनं बोर्ड माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "ताई, हा भाग उलटा बसलाय ओ." मी भिंगाखाली पाच मिनिटं बघत होते. भागाच्या एका टोकाला केसाएवढी रेघ असते, ती भलत्या बाजूला होती. मशीनमध्ये रीळ घालणाऱ्यानं चुकीचं रीळ घातलं होतं. त्या दिवशी तिनं पूर्ण लॉट वाचवला. साहेबांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. कॉन्ट्रॅक्टच्या बायकांना तेवढंच मिळायचं.

तिचा शिक्का सतरा नंबरचा. आम्हाला नवजात बाळांच्या वॉर्मरच्या बोर्डांचं काम आलं तेव्हा मीच साहेबांना म्हणाले, हे बोर्ड सतरा नंबरकडं द्या, यात चूक चालायची नाही. कमी दिवसांच्या बाळाला दवाखान्यात ज्या उबेखाली ठेवतात, ती ऊब किती द्यायची हे त्या बोर्डावर ठरतं. म्हणजे त्या बोर्डांवर जिकडंतिकडं पद्माचाच शिक्का होता, आणि तो माझ्यामुळं होता. हे लक्षात ठेवा.

काही महिन्यांनी सहा बोर्ड परत आले. त्यातल्या एका बोर्डामुळं दवाखान्यात वॉर्मर चालता चालता बंद पडला होता. सिस्टर जवळच होती, तिनं बाळ उचललं म्हणून निभावलं. कस्टमरनं, म्हणजे वॉर्मर बनवणाऱ्या कंपनीनं, विचारलं होतं, मूळ कारण सांगा. आमच्या धंद्यात त्यासाठी छापील फॉर्म असतो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, आणि खाली इन्चार्जची सही.

मी बोर्ड तपासले. सहाही बोर्डांत एकाच जागचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बारीक भाग, आतल्या आत जोडला जाऊन शॉर्ट झाला होता. का, ते मला कळेना. मी साहेबांना म्हणाले, बाहेरच्या लॅबला पाठवू, आठवडा लागेल.

"शिक्का कुणाचा आहे?" साहेबांनी विचारलं.

"सतरा. पण साहेब, सगळेच बोर्ड सतराकडं असतात."

"मग झालं की. खराब भाग पास केला तिनं. लिहा, ऑपरेटरचा निष्काळजीपणा."

"बघून दिसणारा दोष नाही हा."

"तुमच्या लाइनवर निष्काळजीपणा नसेल तर मग प्रोसेस चुकली म्हणायचं. प्रोसेस कुणाची? तुमची. तसं लिहायचंय का?"

लिहायचं नव्हतं. इतकं सोपं होतं ते. मला धमकी वगैरे कुणी दिली नाही, फक्त बोट माझ्याकडं वळलं आणि मी ते दुसरीकडं वळवलं. 'मूळ कारण : ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय : सदर ऑपरेटरला कामावरून कमी केले.' मीच टाइप केलं. सही केली. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं पद्माला दुपारच्या सुट्टीत गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

ती डबा हातात घेऊन तशीच आत माझ्या टेबलाशी आली. रडत नव्हती.

"ताई, कागदावर तुमची सही हाय म्हनं."

"पद्मा, वरून आलं गं. माझ्या हातात नव्हतं."

"पेन कुणाच्या हातात होतं मग?"

मी कागद चाळायला लागले. ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडून गेला तवा बोर्ड चांगला होता. माझ्यानंतर काय होतं त्याला, ते बघा की एकदा." आणि गेली.

मी बघितलं नाही. खरं सांगायचं तर दोन महिने त्या दिशेला फिरकलेही नाही. ओव्हनच्या तोंडाशी दुसरी मुलगी बसवली, एकवीस नंबरची. मग पुन्हा बोर्ड परत आले. तोच कपॅसिटर. शिक्का मात्र एकवीस नंबरचा.

साहेबांनी तोच फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "शिक्का कुणाचा आहे?" त्याच आवाजात, मान वर न करता. त्या क्षणी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. पुढची बाई कोण, एवढंच विचारत होते ते.

"उद्या देते," म्हणाले, आणि पद्मा सांगून गेली होती तिकडं गेले.

पद्मानंतर बोर्ड जायचा सिद्रामकडं. सिद्राम कुंभारीहून यायचा, मूळचा अक्कलकोटकडचा. आमचे चार बोर्ड एका मोठ्या पाटीवर एकत्र तयार होतात, मधे खाचा असतात. शेवटी त्या खाचांवर पाटी तोडून चार बोर्ड सुटे करायचे. त्यासाठी गोल पात्याचं कापायचं मशीन लागतं. आमच्याकडं ते होतं. त्याचं पातं झिजून दीड वर्ष झालं होतं आणि नवीन मागवा म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं. मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर असायचं. कस्टमर येणार असला की कव्हर काढून पुसून ठेवायचं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालायचा. त्या बंद मशीनची मी स्वतः दोनदा पूजा केली आहे. आणि सिद्राम शेजारच्या टेबलाच्या कडेवर पाटी दाबून, चिक्की मोडावी तशी हातानं मोडायचा.

कपॅसिटर सिरॅमिकचा असतो, म्हणजे कपबशीच्या जातीचा. पाटी वाकते, तो वाकत नाही, तडकतो. तडा खालच्या अंगाला जातो, भिंगाखाली दिसत नाही. त्याच दिवशी टेस्ट केलं तर बोर्ड चालतो. मग कधी काही आठवडे, कधी काही महिने दमट हवा त्या तड्यात शिरत राहते, आणि एक दिवस तो आतून जोडला जातो. आमचा कपॅसिटर नेमका खाचेच्या कडेला होता. हे मला ठाऊक असायला हवं होतं. पुण्यात मी हेच शिकले होते.

"सिद्राम, हातानं का मोडतोस?" विचारलं आणि माझीच मला लाज वाटली.

"मशीन चालू न्हाय तर कशानं मोडू अक्का? साहेबच म्हनले, मोड हातानं." मग माझ्याकडं बघत राहिला. "आता माजी बारी हाय व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "आता कुणाचीच नाही."

लॅब नव्हती म्हणून जमेल तसं केलं. लाल मार्करची शाई अल्कोहोलमध्ये पातळ केली. दहा बोर्ड सिद्रामनं रोजच्यासारखे हातानं मोडलेले, दहा बोर्ड मी बारीक करवतीनं हळूहळू कापलेले. सगळे त्या शाईत बुडवले, वाळवले, आणि तो एकेक कपॅसिटर उपसून भिंगाखाली धरला. करवतीच्या दहांत काही नव्हतं. हातानं मोडलेल्यांपैकी चारात तळाशी लाल रेघ होती. केसाएवढी, पण अशी लाल की विचारायची सोय नाही. पद्मा दोन महिन्यांपूर्वी माझ्या टेबलाशी उभी राहून हेच सांगून गेली होती, आणि तिच्याकडं ना शाई होती ना भिंग.

भिंगाचा फोटो साहेबांना दाखवला. त्यांना समजायला वेळ लागला नाही. हुशार माणूस होता तो, हेच तर वाईट आहे.

"चांगलं काम केलंत. पातं मागवू या."

"आणि रिपोर्ट?"

"कुठला?"

"पद्माचा."

"तो बंद झाला ना. बंद झालेला रिपोर्ट कोण उघडतं?"

"साहेब, दवाखान्यांत गेलेले सगळे बोर्ड हातानं मोडलेले आहेत. सगळे परत मागवायला लागतील."

"म्हणूनच तर," साहेब म्हणाले. आणि मग मला समजवायला लागले, अगदी मायेनं. ऑपरेटरची चूक म्हटलं की परत आलेले सहा बोर्ड बदलून देता येतात, विषय संपतो. प्रोसेसची चूक म्हटलं की पाठवलेला एकूण एक बोर्ड परत येतो. कंपनी बसते. शंभर घरांच्या चुली. मी शांतपणे विचार करावा.

तोपर्यंत मला वाटत होतं की त्यांनी पद्माला हलकी समजून, तिच्या बाजूनं कुणी बोलणार नाही म्हणून काढलं. तसं ते होतंच. पण त्याखाली हिशोबी डोकं होतं. पद्माला दोषी ठरवलं की बाकीचे वॉर्मर जिथल्या तिथं चालू ठेवता येत होते. त्यांखाली बाळं झोपलेली होती.

मी लाइनवर आले आणि सिद्रामला सगळं सांगितलं. म्हणाले, तू बोर्ड मोडतानाचा व्हिडिओ काढायचाय, कस्टमरला पाठवणार आहे. नको म्हणालास तरी चालेल. त्यानं हातातली पाटी टेबलावर ठेवली.

"हात दिसू द्या. तोंड नको," म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "आनि त्ये मशीनबी घ्या की त्यात. कव्हरासकट."

व्हिडिओत डाव्या बाजूला कव्हर घातलेलं मशीन आहे, वरती गेल्या दसऱ्याच्या हाराचा सुतळीचा तुकडा लोंबतोय, आणि उजव्या बाजूला दोन हात कडाकड बोर्ड मोडतायत. तो व्हिडिओ, लाल रेघांचे फोटो आणि माझी तीन मागणीपत्रं मी कस्टमरला मेल केली. वर लिहिलं, आधीचा रिपोर्ट खोटा आहे आणि तो मी सही करून पाठवला आहे.

तिसऱ्या दिवशी कस्टमरची दोन माणसं आली. त्यांनी आवाज चढवला नाही की कुणावर बोट रोखलं नाही. सिद्रामला चहा पाजला, मोडून दाखवायला सांगितलं, वहीत लिहून घेतलं. सगळे बोर्ड परत मागवले गेले. कंपनी बसली नाही. एक ऑर्डर गेली, दोन राहिल्या. ज्या चुलींची मला भीती घातली होती त्या सगळ्या पेटत्या आहेत. सिद्रामही तिथंच आहे. त्याला काढलं असतं तर व्हिडिओतले हात कुठं गेले हे कस्टमरला सांगावं लागलं असतं. आणि नवीन पातं पाच दिवसांत आलं. कुरिअरनं, एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून. दीड वर्ष ज्यासाठी लिहीत होते ते पाच दिवसांत आलं. खोकं उघडताना मला ते कुठंतरी फेकून मारावंसं वाटत होतं.

मला स्टोअरला बसवलं. रिळं मोजायला. चार महिने मोजली आणि राजीनामा दिला. त्याचं मला फार दुःख नाही. पण जाण्याआधी एक गोष्ट मागितली होती, पद्माच्या नावानं एक पत्र, की चूक तिची नव्हती. ऑफिस म्हणालं, ती आमची कामगारच नव्हती, कॉन्ट्रॅक्टरची होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, मी तिला लेखी काढलंच नाही तर लेखी परत काय घेऊ. दोघंही बरोबर बोलत होते. कायद्यानं पद्मा कुठंच नव्हती, फक्त रिपोर्टात होती.

मग मीच पत्र लिहिलं. साध्या कागदावर, माझ्या नावापत्त्यासह. ते घेऊन भवानी पेठेत तिच्या घरी गेले.

ती आता टॉवेलच्या कारखान्यात माल तपासते. एमआयडीसीत आणखी एका ठिकाणी तिनं इलेक्ट्रॉनिक्सचं काम मागितलं होतं, तिथं आधीच कळलं होतं. "त्या वॉर्मरवाल्या तुमीच का, म्हनले." हे सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सासूबाई खाटेवर बसून होत्या. त्यांना मराठी फारसं समजत नाही.

पद्मानं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

मी लिहिलं होतं, 'सदर रिपोर्टवर माझ्याकडून अनवधानाने सही झाली.'

"अनवधानानं म्हंजे लक्ष नसताना ना?"

"हो."

"तुमचं लक्ष होतं ताई."

मी पर्समधलं पेन काढलं, तो शब्द खोडला. नुसतं खोडून भागेना. नवा कागद मागितला, तिच्या मुलीच्या वहीतलं पान मिळालं. ते मांडीवर घेऊन सगळं पुन्हा लिहिलं. 'दोष पद्मा यांचा नाही याची कल्पना असूनही, स्वतःवर येऊ नये म्हणून मी सही केली.' ती प्रत्येक ओळ लिहिताना बघत होती. तिच्या नजरेखालून माझं काम जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

"आता अत्तम्माला वाचून दाखवा," ती सासूबाईंकडं मान करून म्हणाली. "मोठ्यानं. काढून टाकलं म्हनून शेजारपाजारच्यांनी यांना लई ऐकवलंय."

मी एकेक वाक्य वाचत गेले, पद्मा तेलुगूत सांगत गेली. 'निष्काळजीपणा' या शब्दाशी ती अडली, जरा शोधलं, मग मराठीच शब्द तसाच ठेवला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. कागद हातात घेतला, माझ्या सहीवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघत तेलुगूत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत," पद्मा म्हणाली, "मग त्या साहेबाचं काय झालं?"

"बढती मिळाली," मी म्हणाले. "पुण्याला गेले. मोठ्या प्लँटवर."

म्हातारी पद्माच्या तोंडाकडं बघत थांबली. पद्मानं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. ते वाक्य तिनं तेलुगूत सांगितलं नाही.